मास्तरांचा कॉम्प्युटर आणि पाण्याचा दिवस

आमच्या समोरच्या मास्तरांइतका हट्टी माणूस सगळ्या सोलापुरात सापडायचा नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण अजून समोर वर्ग बसल्यासारखा आवाज लावतात. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक पंखा कॉम्प्युटरला लावतात आणि स्वतः वर्तमानपत्रानं वारा घेतात. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली की दारात येऊन मोठ्यानं वाचून दाखवतात, जणू आम्हा बायकांना ती दुरुस्त करता येणार आहे.

मी चौथी शिकलेली. तरी ऐकून ऐकून एवढं कळलं, की माणसाच्या रक्तातली, आई-बापाकडून आलेली अक्षरं वाचायचं सामान शास्त्रज्ञांनी करून ठेवलंय आणि ते कुणालाही फुकट मिळतं. फक्त कॉम्प्युटरात बसवता आलं पाहिजे.

"ते एकटं येत नाही, वहिनी," मास्तर सांगायचे. "त्याला आधी दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. आणि तिसरं आलं की पहिल्याशी त्याचं जमत नाही."

"लग्नातल्या पाहुण्यांसारखं हाय की," मी हळूच म्हणाले. मास्तर खूप हसले. त्या घरातलं हसू आम्ही फार दिवसांनी ऐकलं. त्यांच्या मुलाला आधी पायऱ्या चढता येईनात, मग पायातलं बळ जात जात मिसरूड फुटायच्या वयात तो गेला होता. आता मुलीला दिवस गेले होते. भावाचा आजार बाळात उतरेल का म्हणून तिचं रक्त तपासलं, तर त्यात एक अक्षर बदललेलं निघालं. ते वाईट की नुसतंच वेगळं, हे सांगता येत नाही, असं दवाखान्यानं लिहून दिलं. मास्तरांना ते पटेना. ते स्वतः तपासायला बसले.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की गल्लीभर मोटारी सुरू होतात, विजेचा दाब पडतो आणि मास्तरांचं काम अर्ध्यात बंद. दोनदा असंच झालं. मूल ठेवायचं की नाही, हे मुलीनं डॉक्टरांना सांगायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाणी आलं. मास्तर दारात येऊन नुसते उभे राहिले.

"मोटारी राहू द्या गं," शेजारच्या मावशी म्हणाल्या. "आज हातानं भरू."

"आन् कंबर मोडली म्हंजे?" एकीनं विचारलं.

"तुला कुटं हाय कंबर?"

आम्ही नळाच्या खड्ड्यात वाकून तांब्यानं पाणी भरलं. निम्म्या घागरी रिकाम्याच राहिल्या.

दुपारी सामान बसलं. एकही लाल अक्षर आलं नाही. मास्तरांनी मुलीची माहिती त्यात घातली, आम्ही दारात उभ्या. आलेलं त्यांनी दोनदा वाचून बघितलं.

"तेच अक्षर," ते म्हणाले. "आणि अर्थ अजून कुणालाच माहीत नाही." आवाज वर्गातला नव्हता.

मुलगी आत बसली होती. "मग येऊ दे बाळाला, बाबा," एवढंच म्हणाली.

मुलगा झाला. आता तो चांगला चालतो. मास्तर रोज सकाळी कॉम्प्युटर लावून बघतात, त्या अक्षराचं नवीन काही कळलंय का. अजून कळलेलं नाही. संध्याकाळी नातवाला घेऊन देवळात जातात. पायऱ्या आल्या की त्याचा हात सोडतात आणि स्वतः पुढे चढतात. मागे वळून बघत नाहीत. वर जाऊन पाठमोरे उभे राहतात आणि त्याची पावलं ऐकतात.