मागे कुणीच राहिलं नाही

पप्पांचा नियम कडक. चळवळीचं पत्रक छापून आलं की वाटण्याआधी आमच्या मरोळच्या चाळीच्या चौकात मोठ्याने वाचायचं आणि कुणीही उठून प्रश्न विचारायचा. उत्तर देता आलं नाही, तर ती ओळ खोडायची. याच सवयीवर मी वाढले.

गेल्या वर्षीचं पत्रक त्यांनी तापल्या डोक्याने लिहिलं. जवळच्या मैदानात एका प्रवचनकाराने सांगितलं होतं की माणसं मुळातच वेगवेगळी घडवलेली आहेत, काही उच्च, काही नीच. पप्पांनी उत्तर छापलं: 'सगळी माणसं माकडापासून झाली. तुम्हीसुद्धा!' दुसऱ्या सकाळी ते मैदानाच्या दारात वाटायचं होतं.

वाचून झालं तसे समोरच्या खोलीतले मालवणी काका उठले. "मगे आरेच्या रानातसून येवन माझ्या पत्र्यार नाचतत ते माकड अजून माणूस कित्याक नाय झाले?"

चौक हसला. पप्पांचा चेहरा ताठ झाला. "ती मागे राहिली."

मागे राहिलेले, मागासलेले. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून हाच शब्द माझ्या पाठीला चिकटवलेला, आणि आज तो पप्पांच्या तोंडी! गप्प बसले तर उद्या मैदानातही हेच उत्तर जाणार. बोलले तर सगळ्या चाळीसमोर पप्पा तोंडघशी पडणार.

"पप्पा, मला बोलायचंय."

"बोल."

"आपण आजच्या माकडांपासून झालोच नाही. लाखो वर्षांपूर्वी एक प्राणी होता. तो माणूसही नव्हता, चिंपांझीही नव्हता. त्याच्या वंशाला दोन वाटा फुटल्या, एकीवर आपण, दुसरीवर चिंपांझी. पत्र्यावरच्या माकडांची वाट तर त्याच्याही कितीतरी आधी वेगळी झाली. मागे कुणीच राहिलं नाही. ही शिडी नाहीच मुळी."

"म्हणजे माकड माझो पणजोबा नाय, लांबचो चुलतभाव?"

"हो, काका."

"तरीच मेलो हक्कान माझी केळी खाता!"

पप्पा हसले नाहीत. "हे काल नाही सुचलं तुला?"

"काल तुम्ही वाचायला दिलंत कुठे?"

पप्पांनी खिशातून पेन काढलं, वरच्या पत्रकातली ओळ खोडली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"बारीक लिही, जागा कमी आहे. आणि उद्या कुणी विचारलं, तर उत्तर तूच द्यायचंस."

काकांनी चष्मा लावला आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला. पप्पा उरलेल्या पत्रकांतली ओळ खोडत बसले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.