पायांकडं बघणारे दिग्दर्शक

त्यांची नाटकं मुंबई-पुण्यात गाजलेली, सिनेमेही चाललेले. तरी नव्वदच्या दशकात ते दर हिवाळ्यात बारामतीला यायचे आणि जवळच्या जळोची गावातल्या शाळेत आमच्या हौशी मंडळाचं नाटक बसवायचे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कधी बघायचे नाहीत, पायांकडं बघायचे. मला 'पदवीधर' म्हणून हाक मारायचे. आमच्या घरातला मी पहिलाच बी.ए., त्यामुळं मला ते आवडायचं.

माझे वडील मला न्यायला एकदाच तालमीला आले होते. दारातून आत आले, जरा टेकले आणि आम्ही निघालो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते वारले.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी आई तालीम बघायला आली. नाटकातला म्हातारा दारातून आत आला. खांदा चौकटीला घासत, धोतराचा सोगा चिमटीत धरून वडीलच आत येत होते. त्या नटानं तर वडिलांना कधी पाहिलंही नव्हतं.

मी तडक पुढं गेलो. "सर, हे बंद करा. माझी आई बसलीय हितं."

"थांब, पदवीधर," म्हणत ते आईजवळ गेले आणि तिच्या पायांकडं बघत म्हणाले, "बाई, काही चुकतंय का?"

आई म्हणाली, "डावा पाय आधी टाकायचं हे. उजवा गुडघा दुखायचा न्हवं का."

"तरीच," ते म्हणाले. "बाहेर जा रे. डावा टाकून परत ये."

तो परत आला. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि सरकून बाकावर जागा केली.