हातानं पूस

"पूस," साहेब म्हणाले. "ब्रश-बिश नको. हातानं पूस. म्हणजे लक्षात राहील."

दुबईत रास अल खोरला आमचं साइनबोर्डचं वर्कशॉप. जमिनीवर पांढरं कापड ताणून ठेवलेलं. त्यावर मी नुकतीच लिहून संपवलेली काळी अक्षरं. वर अरबी, खाली इंग्रजी. रंग अजून ओला. ज्यांचा बॅनर ते सुदानचे उस्ताद इद्रीस समोरच उभे होते. दोन केरळी कारागीर स्टिकर कापायच्या मशीनपाशी मान खाली घालून काम करत होते, म्हणजे करत असल्यासारखं दाखवत होते.

साहेबांनी थिनरचा डबा पायानं माझ्याकडे सरकवला.

"तुमच्या लोकांना कापड दिसलं की मुर्दाबाद सुचतं. तिकडे आरक्षणावर देश खाल्लात, आता सुदानची घटना लिहायला निघालास का?"

हे मराठीत बोलले. केरळी मुलांना कळलं नाही, उस्तादांना कळलं नाही. एकट्या मलाच कळलं. एरवी वर्कशॉपमध्ये साहेब हिंदीच बोलायचे.

मी पुसलं.

कापडावरचा ओला रंग पुसला जात नाही. पसरतो. मी थिनर ओतत गेलो, तळहात घासत गेलो. अक्षरं गेली आणि मोठा काळा डाग उरला. थिनरनं कातडी चुरचुरत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं ते थिनरच्या वासानंच, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते.

उस्ताद खाली वाकले. म्हणाले, "मालेश. मालेश, भाई." सुदानी माणसं 'असू दे' म्हणायला मालेश म्हणतात. काम त्यांचं बिघडलं आणि समजूत ते माझी घालत होते. रोजा होता त्यांचा. घसा कोरडा पडलेला, ओठांना भेगा. तसेच उन्हात बाहेर पडले, बसस्टॉपकडे चालत गेले.

मला राग यायला हवा होता. राग आला नाही. अपराधी वाटलं. आणि तेही उस्तादांपुढे नव्हे, साहेबांपुढे! मी साहेबांना अडचणीत आणलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. गुलामी कशी असते हे पुस्तकात शोधायला नको. ती अशी असते.

कारण साहेबांनी मला आणलं होतं. एका एप्रिलमध्ये ते आमच्या तालुक्याला सासुरवाडीला आले होते. चौकात जयंतीची कमान लागली होती, तिच्यावरचं अक्षर माझं होतं. साहेब गाडी थांबवून खाली उतरले. "हे कोणी लिहिलं?" दुसऱ्या वर्षी मी दुबईत होतो. व्हिसा त्यांचा, तिकीट त्यांचं. पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "आमचा पेंटर. समाज कुठला ते जाऊ द्या, हात बघा पोराचा!" पाहुणे हात बघायचे. मीही हसायचो.

आणि वहिनी. साहेबांची बायको. पहिल्या वर्षी मला कावीळ झाली. कामगारांच्या कॅम्पमध्ये खोलीतली माणसं माझ्यापासून लांब झोपायला लागली. वहिनींनी मला बर दुबईच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. मऊ भात, साय काढलेलं ताक. मी उलटी केली की स्वतः पुसायच्या. त्या बाईनं कधी भेद केला नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी त्या मिठाखाली पार दबून गेलो होतो.

आता बॅनरचं सांगतो. उस्ताद इद्रीस एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळेचे बोर्ड आमच्याकडूनच जायचे, म्हणून ओळख. बॉम्बेचे सिनेमे बघून हिंदी शिकलेला माणूस. साल नव्व्याण्णव संपत आलं होतं, रमजान चालू होता. त्यांच्या देशात राष्ट्राध्यक्षानं संसद बरखास्त केली. हा राष्ट्राध्यक्ष मुळात फौजीच. त्याचे अधिकार कमी करायचा ठराव यायचा होता, त्याच्या दोन दिवस आधी संसदेसमोर रणगाडे आणि सैनिक येऊन उभे राहिले. दक्षिणेत यादवी कित्येक वर्षं चाललेली. उस्तादांचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता.

मी विचारलं होतं, "उस्ताद, इतनी अच्छी थी क्या वो संसद?"

ते म्हणाले, "नहीं. अच्छी नहीं थी. लेकिन उसको घर भेजना है तो आदमी भेजेगा, टँक नहीं भेजेगा." मग म्हणाले, "लडाई बंद करना है तो किधर तो बैठ के बात करना पडेगा ना? बैठने का जगहही बंद कर दिया."

त्यांच्या ओळखीच्या माणसांचा एका घरात इफ्तार होता. रोजा सोडून झाला की चार शब्द बोलायचे, निषेध करायचा, एवढंच. भिंतीवर लावायला एक ओळ हवी होती: 'संसदेच्या दारातून सैन्य हटवा.' अरबी ओळ त्यांनी मला कागदावर लिहून दिली. मला अरबी वाचता येत नव्हतं, पण इतक्या वर्षांत वळणं हाताला पाठ झाली होती. मी चुन्याची दोरी मारून रेघा आखल्या आणि लिहायला बसलो. साहेबांना विचारलं नाही.

साहेबांची भीती खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. तिथं परवानगीशिवाय असली सभा चालत नाही, फलक चालत नाही. लायसन्स गेलं असतं, आम्ही सगळेच घरी गेलो असतो. साहेब नुसतं "नको, गुंडाळ ते" म्हणाले असते तर मी गुंडाळलं असतं. वर माफीही मागितली असती. पण त्यांना बॅनर थांबवायचा नव्हता नुसता. मला माझी जागा दाखवायची होती.

ईद झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी बूथवरून गावी फोन लावला. गावात किराणा दुकानात फोन होता, आई ठरल्या वेळी तिथं येऊन बसायची. आमच्या गावचं सरपंचपद त्या खेपेला राखीव निघालं होतं, तेही बाईसाठी. आई उभी राहिली आणि निवडून आली. सही करायला ती महिनाभर शिकली. वस्तीला नळ आणायचा ठराव मासिक सभेत मांडायचा, हे तिनं निवडून आल्याच्या दिवशीच ठरवलं होतं.

"काय झालं ठरावाचं?" मी विचारलं.

"हुतोय कुठला. उपसरपंचाची माणसं काठ्या घेऊन दारात हुबी राहिली. कुनाला हात लावला न्हाई, का शिवी दिली न्हाई. निस्ती हुबी. मेंबर आलं, दारातनंच माघारी गेलं. मी एकली आत. सभा भरलीच न्हाई."

माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, "जाऊ दे आई. कशाला त्यांच्या नादाला लागतेस? मी आहे ना इथं."

ती मग म्हणाली, "तुजा आवाज असा का येतोय? कुनाला भ्यालास तिकडं?"

"लाइन खराब आहे."

"माजी न्हाई खराब. मला समदं ऐकू येतंय. ह्ये बघ, मला लोकांनी निवडून दिलंय. घरी बसाया दिलं न्हाई."

फोन ठेवला. बूथमध्येच उभा राहिलो. मागचा माणूस काचेवर टकटक करायला लागला, "यल्ला, भाई, यल्ला!" तिकडे सुदानात खार्टूमला संसदेच्या दारात रणगाडे, आमच्या गावात काठ्या. आणि दोन्हीकडे 'जाऊ दे' म्हणणारा मीच. एकीकडे हातानं म्हणालो, एकीकडे तोंडानं. मला स्वतःची किळस आली.

पुढच्या आठवड्यात साहेब दोन पाहुण्यांना घेऊन वर्कशॉपमध्ये आले. आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. प्रजासत्ताकाला पन्नास वर्षं होत होती. साहेब कमिटीवर. स्टेजच्या मागं लावायला मोठा पडदा रंगवायचा, मध्ये आपलं गोल संसद भवन, वर 'लोकशाहीचा सुवर्णमहोत्सव'. एक पाहुणे म्हणाले, "कॉम्प्युटरवर प्रिंट काढली असती, पण ती फिनिश येत नाही हो."

"आमचा पेंटर काढेल की," साहेब म्हणाले. मला हाक मारली. "संसद तूच काढायचीस. घटना म्हणजे तुमचा प्रांत." पाहुणे हसले. साहेबांनाही त्यात काही वाईट दिसत नव्हतं. त्यांच्या लेखी ते कौतुकच होतं.

मी हात पुसत उभा राहिलो. नखांच्या कडांना काळा रंग अजून होता.

"नाही काढणार."

"काय?"

"त्यांची संसद पुसायला लावलीत, साहेब. आता आपली काढायला सांगू नका."

केरळी मुलांचं मशीन थांबलं. पाहुणे फरशीकडे बघायला लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला. ओरडले नाहीत ते. अगदी हळू विचारलं, "तुला इथं आणलं कोणी?"

"तुम्ही. विसरलेलो नाही. तरी नाही."

खलास. व्हिसा कॅन्सल झाला. पासपोर्ट कंपनीकडेच होता, तो आता विमानतळावरच मिळणार होता.

वहिनी कॅम्पवर आल्या. आत येता येईना, गेटपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एवढंच होतं का रे आमचं? मी तुला पोटच्या पोरासारखं बघितलं." त्या रडत गेल्या. साहेबांचं मला काही वाटत नाही. वहिनींचं वाटतं. ते जाणार नाही, आणि जावं असं मी मागतही नाही.

निघायच्या आधी अब्रा, म्हणजे तिथली होडी, पकडून खाडी ओलांडली, उस्तादांच्या घरी गेलो. बरोबर ब्रश नेले होते. म्हटलं, कापड आणा, इथंच बसून लिहून देतो.

त्यांनी कर्कदेचा, म्हणजे सुकवलेल्या जास्वंदीचा लाल चहा केला, माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "अब नहीं लिखना, भाई." साहेबांनी शाळेत फोन केला होता. शाळा त्यांचं गिऱ्हाईक, आपली बाजू साफ ठेवायला केला असेल. शाळेनं सांगितलं, हे वर्ष पुरं करा, मग इन्शाल्ला बघू. त्याचा अर्थ तिथं सगळ्यांना कळतो. सभा झालीच नाही. लोक आले, खजूर खाल्ले, नमाज पढले आणि घरी गेले.

म्हणजे मी पुसलं त्यानं कोणाचाच बचाव झाला नव्हता. इतके दिवस मनाशी एक घोकत होतो, निदान त्या माणसावरचं संकट तरी टळलं. तेही नाही. उस्तादांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते मला विचारत होते, साखर बरोबर आहे ना म्हणून.

घरी येऊन दोन महिने झाले. गाव म्हणतं, दुबईचं सोनं लाथाडून आला येडा. म्हणू दे. आईनं मला दोष दिला नाही. 'बरं केलंस' असंही म्हणाली नाही. नळाचा ठराव तिनं पुन्हा विषयपत्रिकेवर घेतला आहे. तिसऱ्यांदा. दुसऱ्या खेपेलाही सभा भरली नव्हती.

उद्या सभा. काठ्या दारात येणार, तसा निरोपच आला आहे. माझ्या नावानं वेगळा निरोप आहे, तो मी आईला सांगितलेला नाही. मी आईच्या पुढे चालणार नाही. ती निवडून आली आहे, मी नाही. आत जाण्याचा हक्क तिचा आणि तिच्या मेंबरांचा. माझी जागा दारात. काठ्यांच्या समोर, हात मोकळे ठेवून मी उभा राहणार आहे, आणि शेवटचा मेंबर आत जाऊन हात वर करेपर्यंत तिथून हलणार नाही. मला हलवायचं असेल तर उचलूनच न्यावं लागेल.