दादांनी सांगितलेली तपासणी

साठीला आलेले गौतम ओव्हाळ कापूरहोळ फाट्यावर पंक्चर काढायचे. लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा लाजेनं ते कुणाशी बोलले नाहीत. कंबर धरली तेव्हा कुठं पुण्याला गेले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता.

अंथरुणावरूनच त्यांनी धाकट्या भावाला, संजयला बोलावून घेतलं.

"सख्ख्या भावाला असला की धोका जास्त, असं डॉक्टर म्हणले. रक्ताच्या तपासणीचं इचारून घे."

"तपासलं म्हंजी सुटलो का, दादा?"

"तसं न्हाई. कॅन्सर नसताना बी रक्तातला आकडा वाढलेला निघतो. कधी नुसती पडून ऱ्हाणारी गाठ सापडती आन माणूस उगा ऑपरेशन करून बसतो. मंग लघवी आवरत न्हाई. समदं इचार, मंग तूच ठरव. म्या तर तोंडच उघडलं न्हाई."

संजय भोरच्या डॉक्टरांशी बोलला, विचार केला आणि तपासणी करून घेतली. आकडा थोडा वाढलेला निघाला. "घाई नको, काही महिन्यांनी पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात दादा गेले. जलदान विधीला जमलेल्या चुलतभावांना संजयनं सगळं सांगितलं. सगळे खाली मान घालून ऐकत राहिले. मग एकानं जेवणाचा विषय काढला.