वन्संचं पाणी

डोळा लागतोय न लागतोय, तेवढ्यात उशाशी मिसरीचा वास येतो. या घरात मिसरी लावणाऱ्या एकच, आमच्या द्वारकावन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना जाऊन वर्ष व्हायला आलं.

“झोपलीस होय गं? मेल्या माणसाला दार कोण उघडणार?”

“उघडंच आहे, वन्सं.”

खरंच उघडं आहे. माजघराची भिंत होती तिथं पोफळी उभ्या आहेत, आणि आम्ही दोघी एसटीत शेजारी बसलोय. गाडी आमच्याच आगरातून चाललीय. झावळ्या खिडक्यांतून आत येतात, गालाला लागतात. वन्संच्या मांडीवर रिकामं फुलपात्र आहे. मी तिकडं बघायचं टाळते.

“वाळली नाहीस हो. मला वाटलं, माझ्यामागं दोन घास कमी खाशील.”

“तुमच्या वाटणीचेही मीच खाते.”

त्या हसतात, काळ्या दातांनी. मग जात्यावर बसल्यासारख्या डोलत गुणगुणतात:

तुटला गं तारा बाई, उजळले रानोमाळ
भावजय बघे वर, माझ्या कंठी जाळ

माझ्या हातात दोर आहे. गाडी नाही, विहीर आहे. वन्सं गेल्या, तीच रात्र. हे डॉक्टरांना आणायला गेलेले. “कळशीतलं नको, ताजं आण,” वन्सं अंथरुणातून म्हणालेल्या. जाणाऱ्याच्या ओठी पाणी घालायचं, एवढं एकच काम माझ्याकडं होतं. घागर काठाशी येते आणि आभाळ पेटतं. हिरवा, जळता गोळा डोंगरावरून येतो, ठिणग्या सांडत. पोफळींच्या सावल्या जमिनीवरून धावतात. विहिरीच्या पाण्यात दुसरा गोळा पेटतो. मी बघत राहते. विझल्यावरही बघत राहते, मागून गडगडाट येईपर्यंत.

सगळ्यांना मी सांगितलं, दोर गुंतला होता.

“गुंतला होता का गं दोर?” वन्सं विचारतात.

“नाही.”

“घरातसुद्धा उजेड पडला. भिंत हिरवीगार झाली. मला वाटलं, कंदील घेऊन तूच आलीस. म्हणून मी तोंड उघडून ठेवलं.”

मी परतले तेव्हा ते तसंच उघडं होतं.

“आता प्या, वन्सं.” मी त्यांचं फुलपात्र भरून पुढं करते. निम्मं माझ्या मनगटावरच सांडतं.

“आधी सांग. कसा होता?”

“असं काय करता?”

“तहानलेली गेले मी. कशापायी गेले, ते तरी ऐकू दे.”

मी सांगते. हिरवा रंग, ठिणग्या, धावत्या सावल्या. सांगता सांगता आवाजाला हरिख चढतो आणि माझी मलाच लाज वाटते. वन्सं डोळे मिटून ऐकतात, पोरीसारख्या. मग फुलपात्र तोंडाला लावतात.

“छान होता,” म्हणतात. माफ केलं, असं म्हणत नाहीत.

जाग येते. हे शेजारी घोरतायत. त्या रात्रीपासून मी उशाशी फुलपात्रात पाणी झाकून ठेवते. आज झाकण बाजूला काढून ठेवलंय. फुलपात्र तळापर्यंत रिकामं. खिडकीशी धरून बघते: काठाला, ओठ टेकतो तिथं, मिसरीचा काळा डाग.

पुसायला पदर उचलते, आणि सोडून देते. फुलपात्र तसंच घेऊन विहिरीकडं निघते, ताजं आणायला. वर न बघता.