थर्मासभर चहा आणि गोठलेली झडप

आलं ठेचल्याचा वास आला की मला क्रेगीबर्नमधल्या आमच्या कारखान्याचं मागचं आवार आठवतं. जुलै महिना होता, म्हणजे तिथला ऐन हिवाळा, पहाटे तापमान उणे दोनपर्यंत उतरलं होतं. तेलाचं एक पिंप गळलं होतं, त्यात पाऊस सुरू झाला, आणि आवारातलं पाणी थेट ओढ्यात जातं. गटाराची झडप लावली तर तेल आतच अडणार होतं, पण तिचं चाक बर्फाने धरून ठेवलं होतं. मी सगळा जोर लावला तरी ते हलेना. "भाईसाब, थर्मास दो!" फोर्कलिफ्ट चालवणारा पंजाबी ओरडला. "अरे, चाय है उसमें!" "पता है, इसीलिए तो!" त्या दिवशी बायकोने बळेच दोन लिटर आल्याचा चहा दिला होता, "एकटा पिऊ नकोस, सगळ्यांना दे" म्हणून, आणि एवढं ओझं कशाला, म्हणून मी कुरकुरलो होतो. तो सगळा चहा आम्ही चाकाच्या दांड्यावर ओतला. वाफ उठली, कट्‌कन आवाज झाला आणि चाक फिरलं. तेलाचा तवंग झडपेशी येऊन थांबला. पलीकडे ओढ्यात बदकं निवांत पोहत होती. संध्याकाळी बायकोला हे सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "मग सगळे काय प्यायलात?" आजही ती दोन लिटरच भरते, आणि मी थर्मास दोन्ही हातांनी घेतो.