साडेसातशे सीसीच्या आत्या

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, ऐन सकाळी, घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर माझ्या मैत्रिणीच्या आत्यांवर अन्याय झाला. शाल पांघरून, हार घालून, माइकवरून नाव पुकारून झाला, म्हणून तिथल्या एकाही माणसाला तो अन्याय वाटला नाही. मला वाटला आणि अजून वाटतो. कारण कल्याण-डोंबिवलीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत वेगाचं इतकं वेड असलेलं आणि वेगातलं इतकं कळणारं दुसरं माणूस नाही. हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. कुणाला पटत नसेल तर त्याने आंबिवलीला उतरावं, आत्यांच्या पत्र्याच्या शेडच्या दारात उभं राहावं आणि मला खोटं पाडून दाखवावं.

आत्या सत्तरीला टेकल्यात. राहतात डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. जन्मभर बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या शांतपणे सांगतात, "वेळच मिळाला नाही रे, गाडी खोललेली होती." ही गाडी म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीची, विलायतेहून आलेली, दिवाणाएवढी एक मोटार. आत्यांचे वडील मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे. तिथला कुणी साहेब जाताना ती मागे टाकून गेलेला. वडिलांनी ती चालू केली, आणि मुलीच्या डोक्यात घातलं की चालणं हे काही गाडीचं ध्येय असू शकत नाही. तेव्हापासून आत्या तिला पळवायच्या मागे आहेत.

पण पळवायचं म्हणजे कुणाच्या पुढे नाही, हे आधी समजून घ्या. आत्यांच्या शर्यतीत शेजारी दुसरी गाडी नसते. सरळ पट्टा असतो, मधे काही अंतर मोजून आखलेलं असतं. गाडीने त्यातून एकदा जायचं आणि एकदा परत यायचं, म्हणजे वारा कुणाच्या पाठीशी राहत नाही. दोन्ही खेपांची सरासरी काढली की तो तुमचा वेग. ज्या त्या आकाराच्या इंजिनाचा वर्ग वेगळा, आणि आत्यांचा वर्ग साडेसातशे सीसीचा, म्हणजे हल्ली पोरं ज्या दणदणीत मोटरसायकली उडवतात तेवढ्याचा. मी एकदा विचारलेलं, मोठंच इंजिन का नाही बसवत? आत्यांनी पाना खाली ठेवला. "अगं, मोठं इंजिन आपलं आपण पळतं. त्यात तुझं काय? लहान इंजिनाला समजावून पळवावं लागतं." त्यांना त्याच्याकडून ताशी दीडशे किलोमीटर हवेत, तेही रीतसर मोजलेले.

या समजावण्याचा पहिला भाग म्हणजे वजन. आत्यांना जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा जड वाटते. हँडब्रेकच्या दांडीला त्यांनी भोकं पाडली, पेडलांना पाडली, सीटच्या पट्ट्यांना पाडली. धातू कुठून काढला तरी ताकद जात नाही याचा त्यांचा अभ्यास आहे, आणि तो अभ्यास भाचीला समजावून सांगण्याच्या भरात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डावाला ड्रिल लावलं. भावाच्या घरी तेव्हापासून दोन झारे आहेत आणि आमटी वाटीने वाढतात. बाळकुमला टॉवरांच्या गर्दीत एक लेथचं दुकान अजून तग धरून आहे. तिथले नाना आत्यांची कामं करून देतात आणि प्रत्येक वेळी कपाळावर हात मारतात. "आत्या, निस्ती भोकंच हान, गारी कुठं हाय?" आत्या म्हणतात, "नाना, भोकाला वजन नसतं. पाडा." मात्र स्टिअरिंगच्या दांडीला त्या हात लावत नाहीत. "एकाने पाडलेली त्याला भोकं," त्या मला सांगत होत्या. मी विचारलं, मग? "मग काय, रस्ता वळला, तो सरळ गेला."

दुसरा भाग कानाचा. रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून आत्या तासन् तास बसतात. हवा कुठे अडते, कुठे शिट्टी मारते हे त्यांना त्यात ऐकू येतं. हा कान मग शेडबाहेरही बंद होत नाही. बारशाला पाळणा म्हणताना त्या मधेच थांबतात, कारण खालून गेलेल्या स्कूटरचा एक व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. रिक्षात बसल्या की पहिल्या सिग्नलच्या आत रिक्षावाल्याला त्याचं टायमिंग पुढे गेल्याचं कळवतात. एकदा कल्याणला मी सोबत होते. रिक्षावाला वळून म्हणाला, "आत्या, तुमको जाना है के रिक्षा बनाना है?" आत्या म्हणाल्या, "दोन्ही. आधी साइडला घे." त्याने घेतली. आणि तो त्या दिवसापासून आंबिवलीच्या शेडवर स्वतःहून येतो, येताना भजी आणतो, जी आत्या स्वतः खात नाहीत कारण ड्रायव्हरचं वजनही गाडीचंच वजन.

तिसरा भाग चहाचा, असं आमच्याकडे म्हणतात. गाडी पूर्ण वेगात असताना इंजिन एकदम बंद करायचं, तशीच घरंगळत थांबू द्यायची, आणि स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरका पडला तर कमी जातंय आणि थोड्याच वेळात पिस्टन वितळून त्याला भोक पडणार. हवा तो रंग नीट उकळलेल्या, बेताच्या दुधाच्या चहाचा. हे आम्हा पामरांना समजावं म्हणून त्यांनी चहाचं उदाहरण काढलं आणि स्वतःच त्यात अडकल्या. आता कुणाच्याही घरी कप हातात आला की त्या आधी खिडकीकडे जाऊन उजेडात रंग बघतात. भाचीला बघायला आलेल्या मंडळींकडे परतभेटीला गेलो, तेव्हा तिथला चहा अगदीच पांढरा निघाला. आत्या मुलाच्या आईला काळजीने म्हणाल्या, "अहो, अशाने भोक पडेल." ते लग्न जुळलं नाही. भाची, म्हणजे माझी मैत्रीण, अजून त्याबद्दल आत्यांचे आभार मानते.

आणि लोकर. गाडीवरून वारा कसा वाहतो हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आत्या उरलेल्या लोकरीचे बोटभर तुकडे गाडीभर चिकटवतात. गाडी पळाली की वारा सुरळीत जातो तिथले धागे आडवे होतात, घोटाळतो तिथले थरथरतात. मोहन्याच्या बाजूला एक सरळ रस्ता आहे. सकाळी तिथे आत्या गाडी चालवतात, मैत्रीण स्कूटर चालवते आणि मी मागे बसून फोनवर धाग्यांचं चित्रण करते. लाल, हिरवे, पिवळे धागे अंगभर फडफडवत जाणारी ती बुटकी गाडी, आत हेल्मेट घातलेल्या आत्या. एका सकाळी आम्ही थांबलेलो असताना एक बाई धावत आल्या, त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "कुठल्या देवीचं वो?" मी काही बोलायच्या आत आत्यांनी हेल्मेटची काच वर केली. "वाऱ्याचं काम आहे, बाई. कुंकू लावलंत ते बरं केलंत, पण पुसावं लागेल, खरखरीत होतं." मग त्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांना गाडीत बसवून फिरवून आणलं. परत आल्यावर बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पुन्हा कधी येनार?"

तर अशा या आत्या गेल्या जानेवारीत टेम्पोवर गाडी चढवून घाटावर घेऊन गेल्या. वर्षातून एकदा तिथे हौशी मंडळी धावपट्टी भाड्याने घेऊन वेग मोजतात. आम्ही दोघी सोबत होतोच. आयोजकांच्या एका पोराने गाडी तपासली. बेल्ट बघितले, आग विझवायचं नळकांडं बघितलं, सगळं पास केलं आणि विचारलं, "चालवणार कोण, काकू?"

"मी."

"नाही, म्हणजे रेसमध्ये?"

"रेसमध्येच मी. एरवी मी रिक्षाने जाते."

नंबर मिळाला, गाडी रांगेत लागली. आत्यांनी हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. एवढ्यात मुख्य आयोजक हात जोडत आले. "मातोश्री, फक्त दोन मिनिटं स्टेजवर." आत्या भिडस्त नाहीत, पण शिष्टाचार पाळणाऱ्या आहेत. गेल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, मोठा गुच्छ झाला. माइकवरचे गृहस्थ म्हणाले, या वयातही! पुन्हा म्हणाले, या वयातही! आत्यांनी माइक मागून घेतला. "या वयातही नाही, हो. याच वयात. तिशीत मला रजा मिळत नव्हती." लोक हसले, टाळ्या पडल्या. मग त्यांच्या हातात झेंडा देऊन दुसऱ्यांच्या गाड्या सोडायला लावलं. एक, मग दुसरी, मग तिसरी. तेवढ्या वेळात कार्यकर्त्यांनी आत्यांची गाडी रांगेतून ढकलून स्टेजशेजारी आणली होती. तिच्याभोवती दोरी बांधली होती, बॉनेटवर झेंडूच्या माळा घातल्या होत्या, थेट हवा आत घ्यायच्या जाळीवर. पोरंटोरं फोटो काढत होती. रांगेतली तिची जागा कुणाच्या तरी रुंद, पिवळ्या, घरघरणाऱ्या गाडीला गेली होती.

आत्यांनी विचारलं, "माझा नंबर कधी?"

आयोजक मनापासून गोंधळले. मनापासून, हेच मला झोंबतं. लुच्चेपणा असता तर मी तो तिथल्या तिथे उघडा पाडला असता. ते म्हणाले, "काकू, तुमचा तर सत्कार झाला की!"

मी भांडले. कागद दाखवले, नंबर दाखवला, आवाज चढवला. आवाज चढवण्यात मी कमी नाही, हे आमच्या फुटपाथच्या आंदोलनातल्या सगळ्यांना माहीत आहे. उत्तर एकच: पट्टी दुपारी बंद होते, वेळ संपला, पुढच्या वर्षी नक्की. आत्यांनी माळा काढल्या, जाळीत अडकलेल्या पाकळ्या एकेक करून चिमट्याने वेचल्या आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

पुढच्या वर्षाचं गणित मी सांगते. आत्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा झिजतोय. डॉक्टर म्हणालेत की हा हिवाळा गाडी चालवता येईल, त्यानंतरचं ते बोलत नाहीत. आणि आयोजकांनी परवा कळवलं आहे की या वेळी धावपट्टी मिळाली नाही, कार्यक्रम रद्द. डोंबिवलीत मात्र काहीच रद्द झालेलं नाही. घाटावरचा फोटो फिरला आणि तेव्हापासून महिला मंडळ झालं, ज्येष्ठ नागरिक संघ झाला, दोन सोसायट्या झाल्या, एक शाळा झाली. फ्लेक्सवर 'वेगवान आजी' असं छापलं, त्या कुणाच्याही आजी नसताना. प्रत्येक ठिकाणी शाल. आत्या सगळ्या शाली शेडवर नेतात आणि गाडीवर पांघरतात. म्हणतात, थंडीत इंजिनाच्या ब्लॉकला बऱ्या.

गेल्या आठवड्यात मी शेडवर गेलेले. आत्यांनी गाडी चालू केली, थोडा वेळ ऐकली, बंद केली. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून बसून राहिल्या. मी म्हटलं, आत्या, त्या दिवशी सोडलं असतं तर दीडशे झालेच असते. त्यांनी मान हलवली. "नसते झाले गं. पेट्रोल सोडणारा जेट बारीक होता, घरी आल्यावर कळलं. एकशे एकेचाळीस झाले असते." पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. मग त्या म्हणाल्या, "पण माझे असते."

आता जेट बदललाय. गाडी तयार आहे, आत्या तयार आहेत, वेळ मोजणारी यंत्रणा आम्ही आणतो. नाही तो फक्त रस्ता. तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला थेट सांगते. तुमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावू नका. तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाच्या ताब्यात तीनेक किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत पट्टा असेल, कारखान्याच्या आवारातला, बांधून झालेला पण अजून न उघडलेला, कसाही, तर या हिवाळ्यातली एक सकाळ तो दोन्ही टोकांनी बंद करून आम्हाला द्या. आणि नुसता देऊन घरी जाऊ नका. साक्षीला उभे राहा. गाडी जाईल, वळेल, परत येईल. आकडा दीडशेच्या वर आला तर वरचा सांगा, खाली आला तर खालचा सांगा, त्यांच्या तोंडावर सांगा. पण मोजा.